दादाने खणलेलं भुयार

५ ऑक्टोबर. त्या दिवसाचं काम ठरलेलं होतं. दादाच्या भुयारातलं पाणी उपसायचं, खड्डा बुजवायला किती ट्रॉल्या माती लागेल ते बघायचं आणि दुपारच्या आत ट्रॉलीवाल्याला कळवायचं. वहिनीला मी तसा शब्द दिला होता. घराच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर पुरुषभर खोल पाणी, घरात एकटी बाई, तिचे गुडघे गेलेले, आणि सरपण आणायची वाट नेमकी तिथूनच. अशा ठिकाणी भावना मध्ये आणण्यात अर्थ नसतो. मी सकाळी साडेसातला आले, साडी खोचली, भाड्याने आणलेला पंप सुरू केला आणि वरच्या पायरीवर बसले. पाणी उतरायला वेळ लागणार होता. दादाला जाऊन सात आठवडे झाले आहेत आणि भेटेल तो म्हणतो, त्याच्याबद्दल काहीतरी लिही. म्हणजे चांगलं लिही. ते मला जमेल असं वाटत नाही, पण जे झालं ते लिहिते.

मी आरोग्यसेविका आहे. सावर्ड्यापासून आत असलेली आमची वाडी माझ्याच फेरीत येते, त्यामुळे भावाला मी बहीण म्हणून कमी आणि नोंदवहीतलं नाव म्हणून जास्त भेटत होते. शेवटचा भेटला तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. लावणीच्या दिवसांत शेतातल्या पाण्यात उतरणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, होऊ नये म्हणून आम्ही घरोघर गोळ्या वाटतो. दादा भुयाराच्या खालच्या अंगाला गुडघाभर गढूळ पाण्यात उभा होता, हातात पहार, पायात काही नाही. पाय वर काढून तो चिऱ्यावर टेकायचा तेव्हा टाचांच्या भेगा मला वरून दिसत होत्या.

"दादा, गोळ्या."

"ठेव तिथं चिऱ्यावर."

"आत्ता घे. पाणी आणते."

"अगं शाले, त्या शेतकऱ्यांसाठी. मी काय लावणी करतोय? मी खोदकाम करतोय."

"उंदराला ते कळतं काय?"

"उंदराला सांग, मी वीजघरातला माणूस आहे."

बाकीच्यांना मी गोळी समोर गिळायला लावते. तोंड उघडून जीभ वर करून दाखवायला लावते, मग खूण करते. दादाशी वाद घालायला गेलं की अर्धा तास जातो हे ठाऊक होतं, आणि माझी अकरा घरं राहिली होती. मी गोळ्या चिऱ्यावर ठेवल्या, नावापुढे खूण केली आणि पुढे गेले. त्यानंतर नऊ दिवसांनी त्याला ताप आला. अंग मोडून आलंय म्हणून तो दोन दिवस काढा पीत बसला. वहिनीचा फोन आला तेव्हा डोळे लाल झाले होते आणि लघवी बंद झाली होती. रत्नागिरीला हलवलं, तिसऱ्या दिवशी गेला. गोळ्यांची पट्टी पुढे वहिनीला त्याच चिऱ्याखाली सापडली, पावसाने भिजलेली, अख्खी.

जलदान विधीला वरच्या वाडीतले निवृत्त गुरुजी बोलले. पंधरा मिनिटं बोलले. अनंतराव म्हणजे दूरदृष्टी, अनंतराव म्हणजे समाजाचा विचार, अनंतरावांनी वादळवाऱ्यात गावाला आसरा निर्माण केला, त्या वास्तूवर त्यांच्या नावाची पाटी लागली पाहिजे. लोक माना डोलवत होते. मी मनात म्हटलं, ज्या वास्तूत सहा महिने बेडूक राहतात तिला पाटी लावायची तर बेडकांच्या नावाची लावा. आणि आसरा हा शब्द निदान गुरुजींनी तरी वापरायला नको होता. त्यांच्या घराने आम्हाला एकदा आसरा दिलेला आहे.

तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि दादा अकरा. ज्येष्ठातलं वादळ, भर दुपार. आमच्या घरावर तेव्हा पेंढा होता, तो एका झटक्यात गेला. आबा, आमचे वडील, आम्हाला घेऊन चढण चढून गुरुजींच्या आजोबांच्या दारात गेले. चिऱ्यांचं घर, कौलं, लांबरुंद पडवी. म्हातारा पडवीतच उभा होता. म्हणाला, "गोठ्यात बसा. पडवी आजच सारवली आहे." आम्ही गोठ्यात बसलो. मला फक्त म्हशीची शेपटी तोंडावर बसत होती तेवढं आठवतं. पण दादाने आबांना विचारलेलं आई पुढे अनेकदा सांगायची. "आबा, म्हशीची जागा आपण घेतली, तर म्हैस पडवीत जाते काय?" आबा म्हणाले, "गप बस." दादा गप बसला. चांगला पन्नास वर्षं बसला, आणि मग खणायला लागला.

मधली तीस वर्षं तो पोफळीला वीजघरात नोकरीला होता. डोंगराच्या पोटात बोगद्यातून कामावर जायचं आणि बोगद्यातून बाहेर यायचं. बाहेर धो धो पाऊस असला तरी आत कोरडं, लख्ख उजेड, वारा नाही, आवाज असला तर यंत्रांचा. या गोष्टीने त्याच्या डोक्यात जे घर केलं ते कायमचं. जमिनीखाली माणूस सुरक्षित असतो, एवढंच तो शिकून आला. एकदा तिथल्या लोकांच्या कुटुंबांना आत नेऊन दाखवलं, तेव्हा मीही गेले होते. एका कोपऱ्यात एक पंप घरघरत होता. मी विचारलं, हा कशाला? दादा म्हणाला, "डोंगरातून पाझरतं ते पाणी उपसायला. ते दुसऱ्या माणसांचं काम." तीस वर्षं दुसरं कोणीतरी पाणी उपसत होतं म्हणून आपण कोरडे आहोत, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. पुढे ती दुसरी माणसं म्हणजे वहिनी आणि मी झालो.

तो निवृत्त होऊन वाडीत आला आणि पुढच्याच वर्षी मोठं वादळ झालं. मी लसीकरणासाठी वाडीत आले होते. दादाच्या घराचे पत्रे उडाले तेव्हा मी लसीची पेटी पोटाशी धरून वहिनीबरोबर पलंगाखाली होते. वाडीतली बाकीची माणसं शाळेकडे धावली, शाळेला कुलूप, तर ओट्यावर भिंतीला चिकटून उभी राहिली. वारा पडल्यावर दादा बाहेर आला, शाळेच्या ओट्यावरची ती रांग त्याने बघितली आणि तिथंच ठरवून टाकलं. मी म्हटलं, घरावर स्लॅब टाक, विषय संपला. वादळात माणसाला उंदरासारखं बिळात जायची गरज नसते, डोक्यावर न उडणारं काहीतरी लागतं.

"स्लॅब माझ्या डोक्यावर. बाकी वाडीने काय करायचं?"

"वाडीने तुला विचारलंय?"

"विचारायला लागू नये, म्हणूनच."

अशा उत्तरांवर टाळ्या पडतात. पाणी त्याने हटत नाही. वाडीत धोंडू तात्या आहेत, चाळीस वर्षं चिरेखाणीत काढलेले. चिरा कसा निघतो, कुठं फुटतो, पाणी कुठून येतं, हे त्यांना पायाच्या तळव्याला कळतं. ते काठी टेकत आले, दादाने चुन्याची फक्की मारून आखलेला चौकोन बघितला आणि म्हणाले, "अंता, खाली जाव नको. आडवा जा. उताराकडं तोंड ठेव, म्हंजे पानी आपसूक बाहेर पडंल."

"तात्या, पोफळीला आम्ही याच्या कितीतरी पट खोल होतो."

"तां काळा फत्तर. ह्यो जांबा हाय. जांबा म्हंजे चाळण रं."

दादा हसला. चिरेखाणीतल्या माणसाने वीजघरातल्या माणसाला खोदकाम शिकवायचं म्हणजे काय! आपल्याकडे ही एक जात वेगळीच आहे. आयुष्यभर मोठ्या कामाच्या शेजारी उभी राहिलेली माणसं. त्यांना ते काम आपणच केलं असं वाटायला लागतं. दादाने डोंगर पोखरला नव्हता. पोखरलेल्या डोंगरात तो रजिस्टर भरत होता आणि घड्याळांचे काटे बघत होता.

जानेवारी ते मे तो खणत राहिला. उन्हाळ्यात जांभा फसवतो. कोरडा, कापायला सोपा, भिंती सरळ उतरतात. बारा हात लांब, आठ हात रुंद, पुरुषभर खोल खड्डा झाला, बाजूंनी बसायला चिऱ्यांचे कट्टे झाले. वर लोखंडी चॅनेल टाकून स्लॅब ओतला. शेवटी स्लॅब टाकलाच, फक्त जमिनीच्या खाली. त्या दिवसांत कधीतरी त्याचा मला फोन आला होता. मी लसीकरणात होते, मांडीवरचं पोर किंचाळत होतं. "शाले, तुझी लसीची पेटी केवढी असते गं रुंदीला?" मी म्हटलं, "असेल वीतभर. ठेव आता फोन." त्याने ठेवला.

त्याच मे महिन्याच्या शेवटी पुन्हा वादळाचा इशारा आला आणि दादाला कोण आनंद. दुपारी दोनला त्याने वाडी आत घातली. तेवीस माणसं आणि एक कुत्रा. मीही त्या दिवशी वाडीत होते, पण वरच्या पायरीवरून खाली उतरले नाही. दादाने ओढून घेतलेल्या दाराच्या बाहेर बसून राहिले. पहिली दहा मिनिटं आतून गप्पा ऐकू येत होत्या. मग कोणीतरी विचारलं, "अंतादा, हवा कुठनं येते?"

"दारातून."

"दार तर तुम्ही लावलंय."

मग दारावर धपाधप हात पडायला लागले. सगळी माणसं घामाने न्हाऊन बाहेर आली, कुत्रं सगळ्यांच्या आधी. धोंडू तात्या अंगणात फतकल मारून बसले आणि म्हणाले, "वादळानं मेलो असतो, तर निदान वाऱ्यात मेलो असतो." वादळ त्या दिवशी आलंच नाही, समुद्रातल्या समुद्रात वळलं. दादाने दुसऱ्या दिवशी हवेसाठी दोन पाइप बसवले. जूनमध्ये त्या पाइपांतून पाऊस आत आला, जुलैत भिंतींतून आला, आणि पंधरा जुलैच्या सुमारास जमिनीतून वर आला. तेव्हा कट्टे बुडाले.

इथपर्यंत मी त्याला माफ केलं असतं. नवीन काम, चूक होते. पण चूक झाल्यावर ज्याने आधी बरोबर सांगितलं त्याच्याकडे जायचं, एवढं साधं माणसाला जमत नाही. पुढच्या उन्हाळ्यात दादाने आतून सगळीकडे सिमेंटचा गिलावा केला, गुळगुळीत, वीजघरासारखा. आधी पाणी पाझरून यायचं आणि दिवाळीनंतर पाझरून निघून जायचं. आता ते पायऱ्यांवरून आणि भेगांतून येई आणि गिलाव्यामुळे मुक्कामाला राही. थोडक्यात, ज्या एका गोष्टीची आम्हाला भुयारात गरज नव्हती ती त्याने वर्षभर साठवून ठेवायची सोय केली. वहिनी आणि मी दोन रविवार कळश्यांनी उपसलं, तिसऱ्या रविवारी वहिनी पायरीवरून घसरली. गुडघे तेव्हापासूनचे.

डासांच्या अळ्या शोधणं हे माझं काम आहे. टायर, करवंट्या, फुटके माठ, फ्रीजच्या मागचं भांडं, सगळं उलटं करायला लावते मी लोकांना. आणि माझ्या फेरीतलं सर्वांत मोठं साचलेलं पाणी माझ्या सख्ख्या भावाच्या परसात. घरमालकाचं नाव लिहिताना माझ्या वरिष्ठ बाई शेजारी उभ्या होत्या. मी त्यात गप्पी मासे सोडले. दादाला त्याचंही कौतुक. "बघ, माझ्या भुयारात निदान कोणीतरी सुखाने राहतंय." चार वर्षांत मी त्या पायऱ्या तीनापेक्षा जास्त कधी उतरले नाही. वरून बॅटरी मारायची, अळी नाही अशी खूण करायची, निघायचं.

तर त्या ५ ऑक्टोबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास पंप घरघरला आणि बंद पडला. जाळीत गप्पी मासे अडकले होते, मीच सोडलेले. साफ केला, पुन्हा अडकला. पाणी कमरेवर येऊन थांबलं. वहिनी मागच्या दारात उभी होती.

"बुजव बाई एकदाचा. गुरुजी काल पुन्हा आले होते पाटीचं विचारायला."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, पाटी लावा, पाणीपण तुम्हीच उपसा. गेले."

तेवढ्यात धोंडू तात्या आले. पंपाकडे त्यांनी असं बघितलं, जसं मी गळ्यात ताईत बांधून आलेल्या तापाच्या रोग्याकडे बघते. म्हणाले, "चर बघितलास काय गो?" मला भुयाराच्या खालच्या अंगाला घेऊन गेले. ऑगस्टमध्ये दादा जिथे उभा होता ती जागा. तेव्हा मी त्याच्या टाचा बघितल्या होत्या, तो काय खणतोय ते बघितलं नव्हतं. खालच्या ओढ्याकडून, घाणेरीच्या झुडपांमागून, छातीइतका खोल सरळ चर भुयाराच्या दिशेने आला होता. दोन्ही टोकांना खुंट्या, त्यांना बांधलेली सुतळी अजून ताठ. तात्यांनी काठीने तळ दाखवला. "उतार बरोबर ठेवलाय. ह्या खेपेला बरोबर ठेवलाय."

"कोणी सांगितलं त्याला?"

"मीच. चार वर्सांपूर्वी सांगितलेलं. औंदा ऐकलान."

भुयाराची भिंत आणि चराचं टोक यांत तीन हात जांभा राहिला होता. तीन हात. निरोगी माणसाचं दीड दिवसाचं काम. मी तिथे उभी राहिले आणि मला दादाचा इतका संताप आला की तो जिवंत असता तर मी त्याला त्याच चरात ढकललं असतं. चार वर्षं मूर्खपणा करायचा, शहाणपण सुचल्यावर अनवाणी पाण्यात उतरायचं, आणि गोळी चिऱ्याखाली ठेवायची... तात्या म्हणाले, "बुजवायचं आसंल तर चर नको. पानी काडायचं आसंल तर तीन हात खन. काय तां ठरव."

मला अर्धवट टाकलेलं काम बघवत नाही. एवढंच कारण होतं, बाकी काही नाही. ट्रॉलीवाल्याला फोन करून म्हटलं, दोन दिवस थांबा. वहिनीला सांगितलं तेव्हा तिने भाकरी परतली, तव्यावरून काढली, आणि मग म्हणाली, "तूपण त्याचीच बहीण. एकदा कोरडं करून दाखव, मग बघू. नाहीतर परवा माती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातला गमबूट घालून आले. तात्यांनी खाणीतले दोन गडी बोलावले होते. आधी गोळ्या. दोघांनाही समोर गिळायला लावल्या, जीभ वर करून बघितली, तात्यांना दोनदा तोंड उघडायला लावलं. "मी काय पान्यात उतरतंय?" म्हणाले. मी म्हटलं, उघडा. मग मी स्वतः घेतली. मच्छरदाणीच्या तुकड्याने गप्पी मासे दोन बादल्यांत काढले आणि वाडीतल्या सहा टाक्यांत सोडून आले. परत येईपर्यंत गड्यांनी दोन हात कापले होते. साडेदहाला भिंत फुटली. पाणी चहाच्या रंगाचं, सुतळीच्या बरोबर खालून, न सांडता ओढ्याकडे गेलं. पाऊण तासात भुयार रिकामं झालं. वहिनी वरच्या पायरीपर्यंत आली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

मी चार वर्षांत पहिल्यांदा खाली उतरले. तळात घोटाभर गाळ, भिंतींवर पाण्याच्या रेषा एकाखाली एक. कट्टे जागच्या जागी होते. दाराच्या उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर, एक कोनाडा होता. आत गिलावा, कडा घासून गोल केलेल्या. तिथे दिवा ठेवायचा नव्हता, दिव्याचे दोन कोनाडे समोर वेगळे होते. हा चौकोनी होता. मी वहिनीला म्हटलं, माझी ती जुनी लसीची पेटी दे. निकामी ठरलेली एक पेटी वहिनी सुकट ठेवायला वापरते. तिने सुकट परातीत ओतली आणि पेटी खाली दिली.

पेटी कोनाड्यात गेली नाही. आडवी करून बघितली, तिरकी करून बघितली. मग मी हात लावून कोनाडा मोजला. बरोबर एक वीत. एक केसही इकडेतिकडे नाही. चार वर्षांच्या त्या सगळ्या गोंधळात दादाने ही एकच गोष्ट सांगितलेल्या मापाने केली होती, आणि ते माप मी दिलं होतं.

तात्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते.

"तात्या, छिन्नी आहे?"

"हाय. कशाला?"

"इथून चार बोटं काढा."